स्थायिक झालेले तण : गाजर गवताची ओळख
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संहिता)



या व्याख्यानमालेत माझ्यापूर्वी संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि बिंबाजी भोसल्यांची छत्तीसगडातील राजवट अशा भारदस्त विषयांवर जाणकार वक्ते बोलून गेले. त्यांच्या मागून उभा राहून मी एका तणाविषयी बोलणार आहे, हे कार्यक्रमपत्रिकेत वाचून आपणांपैकी काहींना हसू आले असेल. मी वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. कला शाखेचा पदवीधर आणि केंद्र सरकारचा नोकर. कागद वाचावयाचे, तारखा ताडून पाहावयाच्या आणि एका कागदातील विधान दुसऱ्या कागदाशी जुळते की नाही हे तपासावयाचे, एवढाच माझा व्यवसाय. परंतु ज्या तणाने माझ्या घरात दुखणे आणले, त्याची चौकशी करता करता मला जे समजले ते आपणांपुढे ठेवावे असे वाटले. कारण ते तण आज रायपुरात आपणां प्रत्येकाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि ते ओळखण्यात मी केलेली चूक आपणांपैकी कोणीही सहज करू शकेल.

रायपूरला बदली होऊन आलो त्या वर्षीची ही हकीकत. सरकारी निवासस्थानाच्या मागे चार हात अंगण होते. आई आमच्याजवळ राहावयास आली ती गावाकडून शेवंतीच्या काश्या ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आली. जूनअखेरीस तिने त्या एका रांगेत लावल्या. रायपूरचा पाऊस तिला ठाऊक नव्हता. पंधरा दिवस पाणी साचून राहिले आणि बहुतेक काश्या कुजल्या. ऑगस्टमध्ये त्याच रांगेत कातरलेल्या पानांची हिरवीगार रोपे वर आली. शेवंती पुन्हा फुटली म्हणून मला कोण आनंद झाला! आईच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरत होता. तिने पान बोटांनी चाचपले, नाकाशी नेले आणि म्हणाली, “अरे, हिला शेवंतीचा वास नाही.” मी म्हणालो, “पावसाने उतरला असेल.” मी तिच्या नाकापेक्षा माझ्या डोळ्यांवर अधिक विश्वास ठेवला.

पुढे त्या रोपांना पांढऱ्या कण्यांसारखी फुले आली. बारीक जातीची शेवंती असावी असा तर्क मीच केला. पावसाने उघडीप दिली की मी झारीने पाणी घालीत असे आणि आई रोज सकाळी ती फुले खुडून देवांना वाहत असे. वर्षभरात तिच्या पापण्यांना, मानेला आणि कोपरांच्या घडीला खाज सुटू लागली, कातडी जाड आणि काळसर पडली. साबण बदलला, डोक्याचे तेल बदलले, चष्म्याची दांडी बदलली, पथ्ये झाली. उन्हाळ्यात ती रात्र रात्र जागून काढी. अखेर एका तरुण डॉक्टरांनी औषध लिहिण्यापूर्वी विचारले, “घराभोवती काय काय उगवले आहे?” मी एक फांदी वर्तमानपत्रात गुंडाळून नेली. त्यांनी पुडी पुरती उघडलीही नाही. पाठीवर चिकटपट्टी लावून चाचणी घेतली, ती दोन दिवसांनी तांबडी उमटली. आमची शेवंती म्हणजे गाजर गवत होते.

यात डॉक्टर मंडळींना दोष देता येणार नाही. ते तण मी स्वतःच्या हाताने पाणी घालून वाढविले होते.

आता ही वनस्पती ओळखावयाची कशी, ते सांगतो. यात घाई करण्यासारखे काही नाही, कारण सारा खेळ पहिल्या महिन्याचा आहे. गाजर गवत फुलावर आले म्हणजे ते कोणीही ओळखतो. कमरेइतके उंच, पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेले झाड दुरूनही दिसते. परंतु तेव्हा ओळखून उपयोग थोडा, बी तयार होऊ लागलेले असते. ओळखावयाचे ते जमिनीलगत असताना. कोवळ्या रोपाची पाने चक्राकार पसरून मातीला अगदी चिकटलेली असतात, जणू कोणी हिरवी रांगोळी घातली आहे. प्रत्येक पान खोलवर कातरलेले, त्या कातरांना पुन्हा कातरे, रंग किंचित करडा हिरवा, आणि दोन्ही बाजूंना मऊ, बारीक लव. ही चकती वितीपेक्षाही मोठी होऊ शकते आणि आपल्या खाली दुसरे काही उगवू देत नाही. पुढे मधून दांडा वर येतो. त्यावर उभ्या रेघा, खरे म्हणजे उभ्या पन्हळी असतात, आणि वरच्या भागात त्याला पुष्कळ फांद्या फुटतात. दांड्यावरची पाने एकाआड एक येतात.

फुलाकडे भिंग घेऊन पाहण्यासारखे आहे. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो सूर्यफुलाप्रमाणेच पुष्कळ फुलांचा गुच्छ असतो, मात्र तो ज्वारीच्या दाण्याएवढा. त्याच्या कडेला पाच, मोजून पाच, इवल्या पांढऱ्या पाकळ्या पाच कोपऱ्यांवर बसविल्यासारख्या असतात. बी धरते ते या पाच फुलांतच. म्हणजे एका गुच्छात पाच बिया. हिशेब किरकोळ वाटतो, परंतु गुच्छांची संख्या इतकी की चांगले पोसलेले एकच झाड पंधरा ते पंचवीस हजार बिया देऊ शकते. प्रत्येक बीला दोन्ही बाजूंना पापुद्र्यासारख्या दोन पिशव्या असतात. त्यांच्या आधारे ती पाण्यावर तरते, वाऱ्याने थोडी उडते, चाकाच्या चिखलाला चिकटते. रोप उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर येते, आणि ओल मिळाली तर वर्षात तीन-चार पिढ्या सहज होतात.

आता ज्यांच्याशी गल्लत होते त्यांच्याविषयी. गाजराचे पान याहून पुष्कळच बारीक कातरलेले, देठाचा तळ रुंद होऊन बुंध्याला कवेत घेणारा, आणि फुले छत्रीच्या काड्यांसारखी एकाच ठिकाणाहून निघालेली. झेंडूची खालची पाने समोरासमोर असतात. शेवंतीच्या पानाचे कातरे कमी व बोथट, आणि तिचा वास तर माझ्या आईने ओळखलाच होता. दवण्याच्या जातीच्या झाडांना वास अतिशय तीव्र. येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. वनस्पती ओळखावयाची तर पान चुरडून हुंगा, असे आपणां सर्वांना शिकविलेले असते. या एका वनस्पतीच्या बाबतीत तसे करू नका. हिच्या अंगावरील लवेत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते आणि कातडीचा दाह होतो तो प्रामुख्याने त्याच्यामुळे. तो पहिल्याच स्पर्शाने होतो असे नाही. शरीर पुष्कळ दिवस सहन करते आणि मग एके दिवशी सहन करावयाचे नाकारते; त्यानंतर झाड वाळून त्याची भुकटी वाऱ्याने आली तरी पुरते. म्हणून डोळ्यांनी पाहा, भिंगाने पाहा, वासाची परीक्षा मात्र सोडून द्या.

नावांचा गोंधळ या विषयात विलक्षण आहे. आपण गाजर गवत म्हणतो, आपले छत्तीसगडी शेजारी गाजर घास म्हणतात. परंतु हे गाजर नव्हे आणि गवत तर नव्हेच नव्हे. गवताचे कुळ म्हणजे भात, ज्वारी, उसाचे. हे सूर्यफुलाच्या कुळातले. काँग्रेस गवत हेही नाव सर्वत्र ऐकू येते. पांढरी टोपी घातल्यासारखी फुले दिसतात म्हणून, अशी त्याची एक व्युत्पत्ती सांगतात. दुसरी राजकीय आहे. ती सभेचा रंग पाहून सांगावयाची असते, म्हणून मी सोडून देतो. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. हे नाव लिनियसने १७५३ मध्ये दिले.

हे मूळचे उष्णकटिबंधातील अमेरिकेचे, मेक्सिकोच्या आखाताच्या बाजूचे. मग ते आपल्याकडे आले कसे? आपणांस तोंडपाठ असलेले उत्तर असे की, अमेरिकेने पी. एल. ४८० खाली जो गहू पाठविला त्यातून हे बी आले. मीही हेच उत्तर अनेक वर्षे देत होतो. कचेरीच्या सवयीने एकदा तारखा ताडून पाहिल्या, आणि येथे आपल्या मराठी मुलखाचा संबंध येतो. स्वतंत्र भारतात हे तण प्रथम नजरेस आले ते पुण्यात. प्राध्यापक परांजपे यांनी १९५१ साली पुण्याच्या उकिरड्यांवर तुरळक झाडे पाहिल्याचे सांगितले जाते. १९५५ साली ते तेथे ठळकपणे दिसू लागले आणि १९५६ मध्ये राव यांनी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतातील नवी नोंद म्हणून ते प्रसिद्ध केले. आता दुसरा कागद पाहा. पी. एल. ४८० हा अमेरिकेचा कायदा जुलै १९५४ चा, आणि त्याखाली भारताशी झालेला पहिला मोठा धान्यकरार ऑगस्ट १९५६ चा. म्हणजे ज्या करारावर आपण खापर फोडतो त्यावर सही होण्यापूर्वीच तण पुण्यात उगवलेले होते. १९५१ मध्ये अमेरिकेने भारताला धान्यासाठी कर्ज दिले होते, तेव्हा बी धान्यातूनच आले असेल तर ते त्याआधीच्या धान्यातून आले असणे शक्य आहे, आणि पी. एल. ४८० च्या गव्हातून पुढे आणखी बी आले असेल, तेही नाकारता येत नाही. मात्र मूळ गुन्हा त्या करारावर शाबीत होत नाही. कोणत्याही चौकशी अधिकाऱ्याने हा आरोप मागे घेतला असता.

प्रकरण येथेच संपत नाही. रॉक्सबर्गने १८१४ साली कलकत्त्याच्या बागेतील वनस्पतींची जी यादी छापली तिच्यात हे नाव आहे. ब्रँडिस या वनाधिकाऱ्याने १८८० साली गोळा केलेला याचा वाळविलेला नमुना डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत जपून ठेवला आहे. म्हणजे पुण्याच्या किती तरी आधी ही वनस्पती या देशात येऊन गेलेली होती. मग राव यांनी तिला १९५६ मध्ये नवी कशी म्हटले? त्यांची चूक झाली काय? माझ्या मते हा प्रश्नच आजच्या विषयाचा गाभा आहे.

एखादी परकी वनस्पती देशात असणे आणि ती देशात स्थायिक होणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. बागेत माळी पाणी घालतो म्हणून जी जगते ती पाहुणी. मालधक्क्यावर पोती उतरताना सांडलेला गहू किंवा मोहरी हिवाळ्यात रुळांच्या कडेला उगवते, फुलतेही, आणि पुढच्या वर्षी नवे पोते फाटले नाही तर तेथे दिसत नाही, ती वाटसरू. जी कोणाच्याही मदतीवाचून स्वतःच्या बियांवर, पिढ्यांमागून पिढ्या, त्याच भूमीत टिकून राहते तीच स्थायिक. किमान दहा वर्षे अशी टिकली पाहिजे, असा एक संकेत अलीकडे वनस्पतिशास्त्रज्ञ पाळतात. आणि जी स्थायिक होऊन मूळ ठिकाणापासून वेगाने दूर पसरत जाते, तिला आक्रमक म्हणावयाचे. कलकत्त्याचे झाड पाहुणे होते, डेहराडूनचा नमुना त्याच्या अस्तित्वाचा पुरावा होता, स्थायिकत्वाचा नव्हता. पुण्याचे तण मात्र राहावयास आले होते.

या अवस्थेला मराठीत काय म्हणावे याचा मी बराच विचार केला. आमच्या कचेरीच्या हिंदीत देशीयकरण असा शब्द आहे, पण तो नागरिकत्वाच्या कायद्यातला. परकी माणसाने अमुक वर्षे वास्तव्य केले, अमुक अटी पुऱ्या केल्या की त्यास नागरिकत्व मिळते. तो कायदाही १९५५ चाच, पुण्यात हे तण डोळ्यांत भरले त्याच वर्षीचा; योगायोग मोठा गमतीचा आहे. परंतु झाडाला कोणी दाखला देत नाही, म्हणून मी साधा ‘स्थायिक’ हाच शब्द पसंत केला. या व्याख्येने पाहिले तर या सभागृहातील पिढ्यान् पिढ्यांची रायपूरकर मराठी कुटुंबे स्थायिक ठरतात आणि बदलीवर आलेला मी निव्वळ वाटसरू. उपमा येथेच थांबवितो, नाहीतर मंडळ माझे सभासदत्व रद्द करील.

स्थायिक तण प्रत्यक्ष पाहून कसे ओळखावे? याची एक सोपी कसोटी मला उपयोगी पडली. एकाच जागी चारही वयांची झाडे एकत्र दिसतात काय, ते पाहावे. सांडलेल्या धान्यातून उगवलेली झाडे एका वयाची असतात, शाळेच्या एका वर्गासारखी. स्थायिक तणाच्या वस्तीत मात्र दोन पानांचे अंकुर, जमिनीला चिकटलेल्या चकत्या, फुललेली झाडे आणि गेल्या हंगामाचे वाळलेले खराटे असे सगळे कुटुंब एकत्र नांदत असते. नव्या रायपुरातील एखाद्या रिकाम्या भूखंडावर, किंवा आपल्या मोहल्ल्यात बांधकामासाठी टाकलेल्या मुरमाच्या ढिगावर सप्टेंबरात जाऊन पाहा. चारही पिढ्या भेटतील. मुरूम आणि माती एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणारे ट्रक हे आज या बियांचे मोठे वाहन आहे. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या अंदाजाप्रमाणे देशातील सुमारे साडेतीन कोटी हेक्टर जमिनीवर हे पसरलेले आहे.

आणखी एक कसोटी लोक सांगतात ती नावाची. गाजर गवताला स्वतःचे असे जुने नाव नाही, उसनी नावेच आहेत, यावरून ते नवखे आहे हे कळते. तर्क वाजवी आहे, परंतु तो नेहमी लागू पडत नाही. पिवळा धोतरा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. काटेरी पाने, पिवळी धमक फुले, मोडला की पिवळा चीक. हिंदीत त्याला सत्यानाशी म्हणतात. कित्येक वैद्य त्यालाच संस्कृत ग्रंथांतील स्वर्णक्षीरी मानून औषधात वापरतात. वस्तुतः तो मेक्सिकोकडचा, कोलंबसानंतरच आपल्याकडे येऊ शकला. जुन्या ग्रंथांतील स्वर्णक्षीरी दुसरीच कोणती तरी असली पाहिजे. इतका तो येथे मुरला की त्याला जुन्या कुळाचे नाव मिळाले. त्याचीही ओळख पटणे अगत्याचे आहे, कारण त्याचे काळे बी मोहरीसारखे दिसते. नीट पाहिले तर त्याच्यावर जाळीदार खरबरीतपणा असतो, मोहरी त्या मानाने गुळगुळीत. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात याच्या बियांचे तेल मिसळले गेले. अंगावर सूज येऊन सुमारे तीन हजार माणसे आजारी पडली आणि साठांहून अधिक दगावली.

उलटपक्षी प्रत्येक तण परकेच असते असेही समजू नये. छत्तीसगडच्या भातशेतीचा जुना वैरी करगा, म्हणजे रानटी भात, हा येथलाच, भाताचाच भाऊबंद. ओंबी येईपर्यंत तो भातापासून वेगळा ओळखू येत नाही आणि पिकण्यापूर्वीच दाणे झाडून मोकळा होतो. बियासीच्या वेळी निंदणी करणाऱ्या बाईने उपटावे तरी कोणाला? रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने यावर काढलेली तोड मला फार आवडते. त्यांनी जांभळ्या पानांचे ‘श्यामला’ हे भाताचे वाण दिले. शेतात जांभळे ते पीक, हिरवे दिसेल तो करगा. शत्रू ओळखू येत नाही म्हणून त्यांनी आपल्याच सैन्याला गणवेश चढविला. अंगणातल्या शेवंतीला मात्र असा गणवेश घालता येत नाही, तेथे आपलेच डोळे कामी आणावे लागतात.

आता शेवटचा भाग : ओळखले, पुढे काय?

कर्नाटक सरकारने १९७५ साली कायद्याने याला उपद्रवी तण ठरविले. १९८४ मध्ये मेक्सिकोहून आणलेला एक भुंगेरा बंगळूर येथे प्रथम मोकळा सोडण्यात आला. तो आता मध्य भारतातही आहे. दुधी रंगाच्या पाठीवर गडद उभ्या रेघा असलेला, डाळीच्या दाण्याहून थोडा मोठा हा किडा पावसाळ्यात गाजर गवताची पाने फस्त करताना आढळेल. त्याला कृपा करून चिरडू नका. मात्र हिवाळा लागला की तो मातीत शिरून झोपी जातो आणि तण पुन्हा डोके वर काढते. म्हणून सारी भिस्त त्याच्यावर ठेवता येत नाही.

यापेक्षा मला अधिक भावलेला उपाय आपल्या ताटातला आहे. कोकणात पहिल्या पावसानंतर आपण टाकळ्याची भाजी करतो. छत्तीसगडात तीच चरोटा भाजी. कोवळी पाने खुडून लसूण घालून परतलेली ही भाजी दोन्हीकडे सारख्याच आवडीने खातात. जबलपूरच्या संचालनालयाने हेच झाड गाजर गवतावर सोडण्याची शिफारस केलेली आहे. टाकळा दाट आणि भराभर वाढतो, त्याच्या सावलीत गाजर गवताच्या अंकुरांना जागा मिळत नाही. येथे चरोट्याचे बी गोळा करून बाजारात विकतातच. दिवाळीच्या सुमारास ते जमवावे आणि वैशाखात, पावसाआधी, रिकाम्या जागेवर फेकून द्यावे. आमच्या वसाहतीच्या मागील पडीक पट्टीवर मी तीन वर्षे हे करतो आहे. तण नाहीसे झाले असे मी म्हणणार नाही, पण ते पट्टीच्या कडेला गेले आहे. भाजीही मिळते.

बाकी उपटणे हा उपाय आहेच. पावसानंतर माती मऊ असताना, फूल येण्यापूर्वी, मुळासकट. नुसते कापले तर बुंध्यापासून पुन्हा फुटते. फुलापूर्वी उपटलेले खतात घालावयास हरकत नाही. फुललेले मात्र घालू नये, बी खतातून परत बागेत येते. हातात लांब मोजे हवेत, अंगात पुऱ्या बाह्यांचा सदरा हवा, आणि ज्यांना पूर्वी खाज किंवा दमा झालेला असेल त्यांनी या कामापासून दूर राहावे. श्रमदानाच्या उत्साहात उघड्या हातांनी उपटणारी मुले मी पाहिली आहेत. फोटो चांगले येतात, परंतु त्यांच्या आयांनी ते पाहून स्वस्थ बसू नये.

माझ्या आईविषयी विचारपूस होते म्हणून सांगतो. अंगण साफ केल्यावर तिचे दुखणे निम्म्याहून कमी झाले, पण एकदा शरीराने घेतलेला हा आकस सहसा जात नाही. शेजारचा भूखंड रिकामा आहे आणि त्याच्या मालकाचा पत्ता मला तीन वर्षांत लागलेला नाही. फाल्गुन-चैत्रात वारा सुटला की ती खिडक्या लावून आत बसते, फुले विकत आणावी लागतात. डोळ्यांची शस्त्रक्रिया झाल्यापासून तिला दूरचे स्वच्छ दिसते. गेल्या महिन्यात खिडकीतूनच तिने मला हाक मारली, “तुळशीच्या मागे बघ, परत आलीय तुझी शेवंती.” चार पानांचे रोप होते.

येताना मी दोन नमुने पारदर्शक पिशव्यांत बंद करून आणले आहेत. एक चकतीच्या अवस्थेतला, दुसरा फुललेला. टेबलावर भिंगही ठेवले आहे. पिशवी न उघडता पाच पाकळ्या मोजून पाहाव्यात. मंडळाच्या मागील आवारात, जुन्या मांडवाच्या बांबूंपाशी, आज सायंकाळी मी स्वतः मोजली ती एकवीस रोपे आहेत आणि त्यांतील कोणतेही अद्याप फुललेले नाही. कार्यवाहांनी येत्या रविवारी सकाळी सातची वेळ दिली आहे. मोजे मी घेऊन येईन, खुरपी आपण आणावीत.